उलट्या पिळाचं रक्त

काल लेकीनं मोबाईलवर माझा फोटो काढला. चेहरा मला परकाच वाटला. "अगं आई, तू अशीच दिसतेस. आरशात दिसते ती उलटी," ती म्हणाली, आणि मला नारायण पेठेतलं पहिलं ऑफिस आठवलं.

दोन खोल्यांची नवी सॉफ्टवेअर कंपनी होती ती. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रेणू पडद्यावर फिरवून दाखवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तो तपासायला जीवरसायन शिकवणाऱ्या साठेबाई आल्या. खिडक्यांचे पडदे ओढलेले, तापलेल्या मॉनिटरचा वास. काळोखात लाल गोळा सावकाश फिरत होता. आत पिळदार पट्ट्या एकमेकींत घट्ट दुमडलेल्या. मला तो फार देखणा वाटत होता.

बाईंनी उजव्या हाताचा अंगठा वर करून बोटं वळवली आणि पिळांशी ताडून पाहिली.

"सगळे पीळ उलटे आहेत, उजवे हवेत ते डावे. अणू एकही चुकलेला नाही, पण असलं रक्त आजवर कुठल्याच जिवाच्या अंगात वाहिलेलं नाही."

प्रोग्रॅममध्ये एका अक्षाच्या आकड्यांपुढे माझ्याकडून जास्तीचं उणे चिन्ह पडलं होतं. पडद्यावर दिसत होतं ते आरशातलं हिमोग्लोबिन.

"छान. आता याला शोभेलसा माणूसही शोधून आणा," बाई म्हणाल्या.

मी हसत चिन्ह खोडलं.

आज सकाळी वेणी घालताना हात थांबला. आरशातली बाई माझ्याकडे बघत होती. जन्मभर मी जिला 'मी' समजत आले, ती दुसऱ्या कुणी कधी पाहिलेलीच नाही. तिच्या कपाळावरची शीर हळूच उडत होती.