कुंडीतली कोरडी माती

इरा, अर्णव,

भुताच्या गोष्टीसाठी तुम्ही हट्ट धरायचात आणि मी तुम्हाला उडवून लावायची. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई मी... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. तरी लिहिते आहे, कारण फोनवर सांगायची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात बाल्कनीतल्या ओल्या फरशीवर घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं, ते तुम्हाला माहीत आहेच. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आजी, हाड आम्ही बसवलंय. पण या वयात माणसं हाडापायी जात नाहीत, पडून राहिल्यानं जातात. भरपूर पाणी प्या आणि चाला."

गंगापूर रोडच्या आपल्या फ्लॅटमध्ये माझी कॉट हॉलच्या खिडकीपाशी टाकली होती. हाताशी तांब्या-भांडं, त्याला लागूनच मनीप्लांटची मोठी कुंडी. मंजिरीमामी दिवसभर शाळेत. घरी फक्त विवेकमामा, आतल्या खोलीत लॅपटॉपवर. म्हणजे मला लघवीला लागली तर बेडपॅन द्यायला मुलगा... ती कल्पनाच सहन होईना.

मग मी पाणीच सोडलं. मंजिरीनं भरून ठेवलेला तांब्या ती गेली की कुंडीत ओतायचा. रोज.

"वा आई, तांब्या रिकामा! शहाण्या मुलीसारखं!" ती म्हणायची, आणि मी मान डोलवायची. मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर काढून शिकवणारी मी! चालायचं नाव काढलं की "उद्या". हळूहळू ताप येऊ लागला, जीभ टाळ्याला चिकटायला लागली. विवेक तुमच्या आईला फोनवर हळू आवाजात सांगत होता, ते मी ऐकलं — "ताई, तू येऊन जा. आईचं काही खरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तांब्या कुंडीत पालथा केला, वर भांडं झाकलं. जरा वेळानं हात लागला, तर तांब्या जड. भांडं उचललं... पाणी काठोकाठ.

"विवेक, तू भरलास का रे?"

"मी कशाला भरू? मीटिंग चाललीय गं माझी!"

पुन्हा ओतला. या वेळी नजर हलवली नाही. कोणी आलं नाही. भांडं उचललं — भरलेला.

मग कुंडीत हात घातला. इतक्या दिवसांचं पाणी तिथे ओतलेलं, आणि माती ठणठणीत कोरडी, भेगा पडलेली. बोटांना धूळ लागली. वेल मान टाकून पडला होता.

भीती नाही वाटली मला. चोरी पकडली गेल्यासारखं झालं. तांब्या तसाच तोंडाला लावला आणि सगळा प्यायले. थोड्या वेळानं हाक मारली, "विवेक, मला... बाथरूमला जायचंय."

तो वॉकर घेऊन धावत आला. "चल चल, मीटिंगमधून उठायला मला कारणच हवं होतं!"

घरी आल्यापासून पहिल्यांदाच चालले. रडत रडत.

संध्याकाळी मंजिरी कुंडीपाशी थबकली. "अहो, याला कोणीच पाणी घातलं नाही का? मातीला भेगा पडल्यात, पार वाळला की!" मी खाली बघत राहिले.

डॉक्टरांनी औषधं बदलली. म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं की भ्रम होतो. तांब्याचं मी मानते. पण माती तर मंजिरीनंही पाहिली... त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दिवाळीत याल तेव्हा दार मीच उघडेन, वॉकर धरून. आणि बाथरूमला न्यायला तुमच्यापैकी कोणाला हाक मारली, तर लाजू नका. मी लाजेन. पण हाक मारेन.

— आजी