पन्हा विचारायचा राहिला

निंबर्ग्याहून पुण्याला शिकायला निघाले त्या सकाळी अव्वानं, म्हणजे आईनं, माझ्या बॅगेत एक मोतिया रंगाची चादर कोंबली. अव्वा गावातल्या बायकांची झंपरं शिवते, चादरही तिनंच शिवलेली. आमच्याकडच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, जेमतेम दोन हात. म्हणून दोन पट्ट्या मधोमध जोडलेल्या. बस सुटताना एवढंच म्हणाली, "पन्हा बघून कापड घे गं, रंगाला भुलू नको."

होस्टेलात मला त्या जोडाची लाज वाटली. बाकीच्या पोरींच्या चादरी अखंड होत्या. पहिल्याच सुट्टीत ती घरी नेऊन टाकली. कामून, असं अव्वानं विचारलं नाही.

आता मी कुर्त्यांच्या कारखान्यात कापड खरेदी करते. दिवसभर तोंडात पन्हा आणि जीएसएम. जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं ग्रॅममधलं वजन. शंभर-सव्वाशे असलं की उन्हाळी शर्ट, अडीचशेच्या पुढं पँट. अव्वा मनगटावर कापड टाकून सांगायची, "हे अंगाला चिकटंल, हे उभं ऱ्हाईल." माझेही हात स्वस्थ बसत नाहीत. कुणाकडं गेले की आधी पडदा चिमटीत धरते. निंबर्ग्यात चार दिवस झाले की पुणं आठवतं, पुण्यात निंबर्गा. तुमच्यातले जे गावातून निघून आलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

धाकटीचं लग्न ठरलं आणि मला रजा मिळेना. लग्नादिवशीच पोचणार होते, म्हणून वडलांच्या, अप्पांच्या, शर्टाचं कापड आधीच कुरिअरनं धाडलं. हातमागाचं, मोतिया, दोन मीटर. कारखान्यात सगळं अठ्ठावन्न इंची येतं, त्याच्या दोन मीटरात पुऱ्या बाह्यांचा शर्ट आरामात बसतो. हे निघालं छत्तीस इंची, त्याला पावणेतीन मीटर तरी लागतं. रोज दुकानदारांना दहा प्रश्न विचारणारी मी, पन्हा विचारलाच नाही. तेव्हा हे कळलंही नाही, कारण अव्वा फोनवर म्हणाली, "चांगलं हाय कापड."

मांडवात बघते तर अप्पांनी शर्टावर लोकरी जाकीट चढवलेलं, तेही भर वैशाखात.

"अप्पा, काढा की जाकीट. घामानं भिजायलाव."

"न्हाई उकडत मला."

फोटोपुरतंही काढलं नाही. मी चिडले, धड जेवलेही नाही. माझं कापड चार लोकांनी बघावं असं मला फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट धुवायला घेतला. पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर माझ्या कापडाची. पाठ माझ्या चादरीची. मधोमध तोच जोड.

"सांगितलं कामून न्हाईस?" मी अव्वाला विचारलं.

"म्या म्हणलं, कापड कमी पडतंय, दुसरं आणू. ते म्हणले, पोरीनं धाडलेलंच घालायचंय मला, पाठ जाकिटानं झाकतो की."

मी धुण्याच्या दगडापाशी बसून रडले. शर्ट हळू हातानं पिळला.

पुण्यात आता माझी स्वतःची खोली आहे, पडदे चांगले वजनदार आहेत. तरी घर कुठं म्हणून कुणी विचारलं की मला जाकिटाखाली घामेजलेली अप्पांची पाठ आठवते.