वॉर्डसाठी दूध

आजारी पडलं की फोन स्वतःच करायचा, असा आमच्या वॉर्डचा नियम होता. नवऱ्याने केलेला चालत नसे, मेसेज तर नाहीच. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी वॉर्डात फोन लावायचा आणि त्या वेळी जी नर्स प्रमुख असेल तिच्याशी बोलायचं. म्हणजे तुमच्या वाट्याचे पेशंट जिच्या अंगावर पडणार, तिलाच ते आपल्या तोंडाने सांगायचं.

त्यामुळे फोनवरचा आवाज ही एक कलाच होऊन बसली होती. खरोखर ताप असलेल्या बायकाही आवाज आणखी खोल नेऊन बोलत. कर्स्टी म्हणायची, "पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडायचं आणि मग नंबर लावायचा. आवाज असा येतो की समोरचीच घाबरून म्हणते, बाई, तू आधी पाद्रीला बोलाव." कर्स्टी तिशीच्या आतली, जिभेची धारदार आणि कामाला वाघीण. ग्लेंडा होल्डनला मात्र ही कला कधीच जमली नाही. फोन हातात घेतला की तिचा आवाज उलट स्वच्छ व्हायचा, कुणाला लग्नाचं आमंत्रण द्यावं तसा.

ग्लेंडा साठीला टेकली होती. यॉर्कशायरमधल्या त्या गावातच ती जन्मली, अठराव्या वर्षी याच हॉस्पिटलात शिकायला आली आणि इथेच राहिली. नवरा केव्हाच गेला होता, मुलगा ऑस्ट्रेलियात. टेकडीवरच्या दगडी घरांच्या ओळीतलं शेवटचं घर तिचं. तिथून ती रोज चालत खाली यायची. मी त्या वॉर्डात अंथरुणं बदलायचं, म्हाताऱ्यांना भरवायचं, आंघोळ घालायचं काम करत होते. ते काम मला तिने शिकवलं. कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हात लावण्याआधी ती आपले हात भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर धरायची. "सकाळी सकाळी कुणी थंडगार हात पाठीला लावला तर तुला आवडेल का?" एवढंच तिचं शिक्षण.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत तिच्या छातीत कफ साठला. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली. आठवडा व्हायच्या आत वॉर्ड मॅनेजर पॉलाचा मेसेज आला : "कशी आहेस? काळजी घे. घाई अजिबात नाही. सोमवारचं काही सांगता येईल का?" ग्लेंडा सोमवारी आली. खोकत खोकतच औषधं वाटली. दोन दिवसांनी पॉलानेच तिला घरी पाठवलं, कारण कुणा पेशंटच्या मुलीने तक्रार केली होती. ती पुन्हा लवकर आली, पुन्हा पडली.

आता आमच्याकडचा हिशोब असा की किती दिवस आजारी होतात ते नाही, किती वेळा पडलात ते मोजायचं. गुडघ्याचं ऑपरेशन करून अख्खा उन्हाळा घरी बसलेला आमचा एक नर्स होता, त्याची एकच वेळ झाली. ग्लेंडाचं दुखणं एकच, पण ती मधे मधे कामावर आली म्हणून त्याच्या तीन वेळा झाल्या.

"आजारी पडायचं तर दणकून पडावं," कर्स्टी म्हणाली. "तू दुखण्याचे तुकडे करून खातेस, ग्लेंडा."

"पेशंट कुणी बघायचे मग? तुझ्या आजीने?"

"माझी आजी तुझ्यापेक्षा तरुण दिसते."

तीनदा झाल्यावर बैठक होते. पॉला, वरच्या ऑफिसातली एक बाई, टेबलावर पाण्याचा जग आणि कागदी रुमालांचा डबा. ही शिक्षा नाही, आधार आहे, असं दोघींनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि शेवटी हेही सांगितलं, की वर्षभरात आणखी एकदा असं झालं तर पुढची बैठक तिला या कामावर ठेवायचं की नाही यासाठी असेल. ग्लेंडा परत आली तेव्हा आम्ही चहाच्या खोलीत होतो. ती म्हणाली, "इतका आधार दिला की मला धड उभं राहवेना." सगळ्या हसलो. तीही हसली. मग कपात टीबॅग टाकून पाणी ओतायचं विसरून तशीच बसून राहिली.

ते काम गेलं असतं तर तिच्याकडे काय उरलं असतं हे तिला सांगायची गरज नव्हती, आम्हाला दिसतच होतं. सुट्टीच्या दिवशीही ती काहीतरी निमित्त काढून वॉर्डात डोकावायची.

विल्फ तेव्हा आमच्याकडेच होता. जन्मभर बस चालवलेला, ऐंशी ओलांडलेला म्हातारा. पडून खुबा मोडला होता, तो बरा होऊनही कितीतरी दिवस झाले होते. पण घरी सकाळ-संध्याकाळ येऊन बघणारं माणूस सरकारकडून ठरत नव्हतं, म्हणून तो पलंग अडवून बसला होता आणि त्याची त्याला लाज वाटायची. नवीन पेशंट आला की म्हणायचा, "माझी सीट द्या त्याला. मी उभा राहतो." ग्लेंडा त्याच्यासाठी रोज फोनवर भांडायची. शेवटी ठरलं. गुरुवारी विल्फ घरी जाणार. मुलीने, इलेनने, आपल्या घरी खालच्या खोलीत पलंग लावला, पडदे धुतले.

त्याच्या आधीच्या आठवड्यात इलेन भेटायला आली तेव्हा ग्लेंडाने तिला दारातच अडवलं होतं. इलेनच्या नातवाला उलट्या होत होत्या. हिवाळ्यात तो विषाणू गावभर फिरतो. धडधाकट माणसाला दोन दिवस लोळवतो आणि सोडून देतो, म्हाताऱ्यांना सोडेलच असं नाही.

"पण मला काहीच झालेलं नाही," इलेन म्हणाली.

"अजून झालेलं नाही. घरात कुणाला उलटी न होता दोन दिवस कोरडे जाऊ देत, मग ये."

"दोन मिनिटं फक्त. त्यांची मिंटच्या गोळ्यांची पाकिटं द्यायची आहेत."

"ती मी देते. तू घरी जा. माझ्यावर चिडलीस तरी चालेल."

इलेन चिडली, पण गेली.

रविवारी संध्याकाळी ग्लेंडाला उलट्या सुरू झाल्या. हे तिने मला नंतर सांगितलं, एकदाच, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. सकाळपर्यंत पोट रिकामं झालं होतं, पाय लटपटत होते. वॉर्डात बारा म्हातारी माणसं आहेत आणि आपण आज तिथे पाऊल टाकायचं नाही, हे तिला माझ्यापेक्षा, पॉलापेक्षा जास्त ठाऊक होतं. न्हाणीघराच्या फरशीवर बसून तिने फोन लावला. मनाशी वाक्य ठरवलं होतं. कर्स्टीने फोन उचलला. मागे घंट्या वाजत होत्या.

"ग्लेंडा, तू पण नाही ना? दोघींचे फोन येऊन गेलेत. बदली नर्स पाठवणारी एजन्सी म्हणते माणूस नाही. मी आणि एक एवढ्यावर सगळा वॉर्ड आहे. सांग, तू पण नाही ना?"

ग्लेंडाचा आवाज नेहमीप्रमाणे स्वच्छ झाला. "नाही गं. वॉर्डात दूध आहे का विचारत होते. येताना आणू का?"

"दूध? आण, आण. संपलंच आहे. किती घाबरवलंस मला."

तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची मोठी बाटली घेतली. टेकडीवरून उतरताना दोनदा भिंतीला टेकून थांबली.

दिवसभर ती सांभाळून वागली. मी पाहिलं होतं की ती चहाला आली नाही आणि हात पुन्हा पुन्हा धुतेय, कोपरापर्यंत, साबण लावून. मला वाटलं बैठकीची भीती अजून गेलेली नाही, म्हणून नियम जरा जास्तच पाळतेय. विल्फची दाढी तीच करायची. त्या दिवशी ती टाळत होती, तर त्याने हाक मारली.

"पोरी, गुरुवारी मुलीच्या घरी असा अस्वलासारखा जाऊ का?"

"उद्या करू या, विल्फ."

"उद्या तुझी सुट्टी. मी वेळापत्रक पाठ केलंय, ड्रायव्हर आहे मी."

दुसरं कुणी मोकळं नव्हतं. तिने हातमोजे घातले. त्याने नाक मुरडलं, रबराचा वास नको म्हणाला. तिने ते काढले नाहीत, एवढं तिला पक्कं आठवत होतं. पण आधी हात रेडिएटरवर धरले की नाही, ते आठवत नव्हतं.

"तू चुन्यासारखी पांढरी दिसतेस," विल्फ म्हणाला.

"हनुवटी वर. बोलू नकोस, कापेल."

बुधवारी विल्फला पहिली उलटी झाली. दुपारपर्यंत त्याच्या खोलीतल्या आणखी दोघांना. दारावर लाल पाटी लागली, कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. गुरुवारी त्याला न्यायला आलेली गाडी रिकामी परत गेली. नंतर आमच्यातल्या एकेकीचे फोन यायला लागले, खरे फोन, आवाज पाडायची गरज नसलेले. ग्लेंडा तेवढी उभी होती. तिचं होऊन गेलं होतं. तिने विल्फला चमच्याने पाणी पाजलं, चादरी बदलल्या, तोंड पुसलं. विल्फची मूत्रपिंडं आधीच थकलेली होती. तो रविवारी गेला. इलेनला प्लॅस्टिकचा एप्रन घालून आत सोडलं होतं. तिने खिशातून मिंटचं पाकीट काढलं आणि कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरलं.

कुणी काही विचारलं नाही. दर हिवाळ्यात हे होतं. आजारी म्हणून कळवलेल्या त्या दोघींनी आदल्या आठवड्यात आणलं असेल, भेटायला येणाऱ्यांनी आणलं असेल. ग्लेंडा पॉलाकडे गेली आणि दार लावून सगळं सांगून टाकलं.

पॉलाने खुर्ची जवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू सोमवारी आजारी असल्याचं कळवलंस?"

"नाही. फोन केला होता, पण—"

"दुधासाठी. कर्स्टीने मला गंमत म्हणून सांगितलं. मग तू आजारी नव्हतीस, ग्लेंडा."

"पॉला, मी रात्रभर—"

"हे तू मला सांगितलंस तर मला ते वर सांगावं लागेल. नर्सच्या नोंदवहीतून तुझं नाव जाईल. इलेनला काय मिळेल? तिच्या वडिलांना नर्सने मारलं, हे घेऊन ती जन्मभर बसेल." पॉला वाईट बाई नव्हती. तिचे डोळे भरले होते. "घरी जा, झोप काढ. उद्या मला तू लागणार आहेस."

ग्लेंडा दुसऱ्या दिवशी आली.

दोन आठवड्यांनी इलेन चॉकलेटचा डबा घेऊन आली. सगळ्यांसमोर तिने ग्लेंडाला मिठी मारली. "सगळ्या आजारी पडल्या, पण तुम्ही एक दिवस त्यांना सोडून गेला नाहीत. आणि मी दारात तुमच्यावर चिडले. तुमचंच बरोबर होतं." ग्लेंडाचे हात बाजूला लोंबत राहिले. तो डबा चहाच्या खोलीत आठवडाभर होता. तिने एकही उचललं नाही. आम्हाला वाटलं, गोड सोडलंय.

त्यानंतर ती तशीच काम करत राहिली. बोलणं कमी झालं. कर्स्टी टोमणे मारायची, त्यांना उत्तर येईना, मग तिनेही मारायचे सोडले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी प्रमुख म्हणून ग्लेंडा होती. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. शिफ्टच्या आधी फोन वाजला. मी शेजारी चादरी मोजत होते. कर्स्टीचा आवाज मला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू आला, आणि त्यात काही नाटक नव्हतं. उलट्या.

"येऊ नकोस," ग्लेंडा म्हणाली. "दोन दिवस कोरडे जाऊ देत."

"ग्लेंडा, माझी ही तिसरी वेळ आहे."

"येऊ नकोस, कर्स्टी."

"आता थांबलंय. खरंच थांबलंय. तुझ्याकडे कोण कोण आहे?"

ग्लेंडाने मान वळवून वॉर्डाकडे पाहिलं. चार दारांवर दिवे लागले होते, घंट्या वाजत होत्या, कुणीतरी बाथरूमपाशी पडल्यासारखा आवाज आला आणि ग्लेंडाखेरीज आमची एकमेव नर्स तिकडे धावली. ग्लेंडाने तोंड उघडलं. मी वाट पाहत होते.

"मी येते," कर्स्टी म्हणाली. "तिथे काही लागतंय का? दूधबीध?"

ग्लेंडाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून तो बंद झाल्यावरही.

पाऊण तासाने कर्स्टी आली, चुन्यासारखी पांढरी. ग्लेंडा तिच्याजवळून पुढे गेली, रेडिएटरपाशी थांबली, आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभी राहिली. घंट्या वाजत होत्या. कितीतरी वेळ तिने हात उचललेच नाहीत.