आधी ‘खाऊ नका’

औटी मॅडम फोटो बघून झाडाचं नाव कधीच सांगत नसत. जुन्नरच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्याच विभागात नवा लागलो होतो. कुणी मोबाइल पुढे केला की म्हणायच्या, “एका साइटवरचं नाव म्हणजे ऐकीव बातमी. तीन ठिकाणी जुळलं तर ते नाव.” मग वाळवून ठेवलेल्या नमुन्यांचा ऑनलाइन संग्रह, शास्त्रीय नावांचा कोश, स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, असं सगळं त्या शेजारी शेजारी उघडायच्या. फोटोत फूल नसेल तर सरळ परत पाठवायच्या. त्यांच्या या शिस्तीचा आम्हाला अभिमान वाटायचा.

त्यांचा धाकटा भाऊ दत्ता पिंपळवंडीला शेती करायचा. एका पावसाळ्यात बांध नीट करताना त्याला जमिनीत कंद सापडले. त्यानं बहिणीला फोटो पाठवला. ‘ताई, कसला कंद हाय? खायचा का?’ मॅडम वर्गावर निघाल्या होत्या. घाईत त्यांनी नेहमीचंच उत्तर दिलं, ‘फुलाचा फोटो पाठव, मग सांगते.’ फूल कुठलं, वेलच कुदळीनं तुटलेला. दत्तानं मोबाइलमधल्या एका ॲपला विचारलं. ॲप म्हणालं, रानातलं रताळं. बायको माहेरी गेलेली. त्यानं ते उकडून खाल्लं.

रात्रभर उलट्या झाल्या. सकाळी मॅडम आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “नक्की काय खाल्लं ते सांगा.” शेजाऱ्यानं उरलेले कंद आणि वेलाचा तुकडा पिशवीतून आणला होता. मॅडमनी बाकावरच लॅपटॉप उघडला. नांगरासारखा वाकलेला कंद, टोकाला पीळ पडलेलं पान. संग्रहातला नमुना उघडला आणि त्यांचा हात थांबला. कळलावी, जिचा कंद जहरी. दुसरी साइट त्यांनी उघडलीच नाही.

“याला उतारा नाही,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही प्रयत्न करतोय.”

दत्ता वाचला नाही.

दहाव्याला सगळे पांगल्यावर त्याची बायको सुनंदा मॅडमजवळ येऊन बसली. “वन्सं, त्यांनी आधी तुमालाच इचारलं व्हतं. नाव ठावं नसंल तर नसंल. पण खाऊ नको, येवढं तरी म्हणायचं व्हतं.”

“हो गं,” मॅडम म्हणाल्या.

त्या ॲपवाल्यांना त्यांनी कंदाचे, पानांचे फोटो लावून चूक कळवली. पुन्हा पुन्हा कळवली. उत्तर आलं नाही. वर्गात नाव तीन ठिकाणी जुळवायचा नियम तसाच राहिला, पण मुलांना त्या आता वेगळंच सांगू लागल्या, “शोधायला वेळ लागतो. माणसाला भूक लागलेली असते. आधी त्याला थांबवा, मग शोधा.”

आता त्या निवृत्त होऊन राजुरीला असतात. गावोगावचे लोक त्यांना फोटो पाठवतात. परवा त्यांच्या वाढदिवसाला मी गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं :

‘खाऊ नका. बघून सांगते.’