आईला बुसान दाखवायचंच होतं

"त्या डोळ्यांनी तिला तिथं दिसणार काय आहे?" दादाने फोनवर हे विचारलं तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि आई माझ्या शेजारीच मटार सोलत बसली होती. डोळे गेले की कानही जातात असं काही लोकांना का वाटतं कोण जाणे. मी म्हटलं, "दादा, ती ऐकतेय." तर म्हणतो कसा, "ऐकू दे की. तिच्या भल्याचंच बोलतोय." तिथे माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

आई गेली काही वर्षं आमच्याकडे, कतारला, दोह्यात अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये राहते. मूळची ती रत्नागिरीकडची, समुद्राच्या काठावर वाढलेली. तिला काचबिंदू आहे. नजर कडेकडून विझत आत आली आहे; बांगडीतून बघावं तेवढंच आता तिला दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब घालत राहा. आम्ही घालतो. पण थेंब घालून नुसती वाट बघत बसायचं का? मी आईला विचारलं, नजर आहे तोवर तुला काय बघायचंय ते सांग. मला वाटलं, कुलदैवताचं नाव घेईल. ती म्हणाली, "ते समुद्रातलं देऊळ गो. कोरियातलं."

हे खूळ माझ्या मुलीकडून आलेलं. ती शाळेतून आली की कोरियन मालिका लावते. आजी शेजारी बसते. भाषा कळत नाही आणि खाली इंग्रजी अक्षरं धावतात ती तिला वाचता येत नाहीत. म्हणून मुलगी एकेक वाक्य तिला मराठीत सांगते. आम्ही मराठीत बोललो तर हीच मुलगी आम्हाला इंग्रजीत उत्तर देते, पण आजीसाठी तिची मराठी निघते. "आज्जी, आता तो सॉरी म्हणाला, पण मनापासून नाही." त्यातल्याच कुठल्या तरी मालिकेत बुसान शहर होतं, आणि बुसानच्या कडेला खडकावर बांधलेलं ते देऊळ.

दादाचं म्हणणं, या वयात आईला काशीला नेतात. मी म्हटलं, मग ने की! नाशिकहून तुला कोणी अडवलंय? त्यावर तो लोक काय म्हणतील यावर घसरला. तेवढ्यात आईनेच फोनकडे तोंड करून सांगितलं, "अरे, काशीचा विश्वनाथ मला डोळे मिटले तरी दिसतो. जे कधी बघितलंच नाही ते डोळे मिटल्यावर कुठून दिसायचं?" दादाने फोन ठेवला.

इथल्या आम्हा लोकांची सुट्टी ठरलेली असते. उन्हाळा आला की बॅगांत खजूर, दूध पावडर आणि चॉकलेटं कोंबायची आणि गावी जायचं. तिथे लग्नं, बँका, दाताचे डॉक्टर आणि प्रत्येकाकडे एकेक जेवण. दमून परत येतो. या वर्षी म्हटलं, खलास. रुसायचं त्यांनी खुशाल रुसावं. आमचे हे तेवढं म्हणाले, "आधी व्हिसा तर मिळू दे, इन्शाल्ला." व्हिसा मिळाला. त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघीच निघालो.

आता आईचा एक हट्ट. नव्या समुद्राला पहिल्यांदा भेटायचं तर नारळ द्यायला हवा. दोह्यातल्याच अल मन्सूरा भागातल्या दुकानात तिने कानाशी हलवून हलवून, चांगला शेंडीवाला नारळ निवडला आणि स्वतःच्या सुती साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला. परदेशात असा नारळ नेऊ देतील का, हा प्रश्न आम्हा तिघींपैकी एकीलाही पडला नाही. सेऊलच्या विमानतळावर एक लांब कानांचं कुत्रं आलं आणि थेट आमच्या बॅगेशी फतकल मारून बसलं. अधिकाऱ्याने हातमोजे घालून साडी उलगडली. आई म्हणाली, "त्याला सांग गो, तुमच्याच समुद्राला द्यायला आणलाय, मला काय परत न्यायचाय?" मुलीला मालिकांतून येणारी कोरियन वाक्यं सगळी प्रेमात पडल्यावरची, ती तिथे काय कामाची! तो कमरेत वाकला, माफी मागितली आणि नारळ घेऊन गेला. "मेला वाकला किती छान," आई म्हणाली, "पण नारळ काही दिलान नाही."

तिथून रेल्वेने बुसान. मी सगळं ठरवून ठेवलं होतं. डोंगरउतारावरची रंगीत घरांची वस्ती, समुद्रावरून जाणारी काचेच्या तळाची केबल कार, तो लांबलचक पूल. आणि मी नुसती बोट दाखवत सुटले. "आई, ते बघ! आई, इकडे, इकडे!" ती मान वळवायची, शोधायची, आणि तोवर ते मागे पडलेलं असायचं. केबल कारमध्ये ती म्हणाली, "छान आहे हो." अळणी आमटीला ती ज्या आवाजात छान म्हणते, त्या आवाजात. दादाचं वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. त्याचं खरं ठरावं हे मला मान्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देऊळ. खूप पायऱ्या उतरून खाली जायचं. आई कठडा धरून उतरली, समुद्राचा आवाज आला तशी भराभरा उतरायला लागली. खाली पोचलो आणि माझं पुन्हा सुरू, "ते बघ छप्पर, तो बघ बुद्ध, त्या लाटा..." मुलगी एकदम ओरडली, "मम्मा, स्टॉप! तू सगळं एकदम दाखवतेस. तिला कसं दिसणार?"

ती आजीच्या मागे उभी राहिली. आजीचे दोन्ही गाल हातात धरले आणि मान अलगद खाली वळवली. "आज्जी, आधी खाली. काळा दगड. दिसला? त्याच्यावर पाणी फुटतंय. आता हळू वर जाऊ. भिंत. अजून वर. लाल खांब. आता छप्पर, त्याला खाली हिरवी-निळी नक्षी आहे." मालिकेतली वाक्यं सांगावीत तसं, एक झालं की दुसरं. आई म्हणाली, "थांब थांब, दगड नीट बघू दे. पुन्हा खाली चल." मुलीने मान पुन्हा खाली वळवली. मग वर. मग डावीकडे, सोनेरी बुद्धाकडे. "अगोबाई! हसतोय गो हा!" आई इतक्या मोठ्याने म्हणाली की चार माणसं वळून बघायला लागली.

मागे फोटो काढणाऱ्यांची रांग लागली. कोणी घसा खाकरला, कोणी घड्याळ बघितलं. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. कोणाला घाई असेल त्याने दुसरं देऊळ बघावं. माझी आई बघत होती आणि तिचं पोटभर बघून होईस्तोवर मी तिथून तसूभर हलणार नव्हते, कोणी शिव्या दिल्या असत्या तरी.

नारळ नव्हता, म्हणून आईने पर्समधून दोह्याचे खजूर काढले, बिया काढल्या आणि पाण्यात सोडले. "गोड मानून घे रे बाबा," म्हणाली. मग उरलेले दिवस आम्ही सगळं पुन्हा पाहिलं, माझ्या मुलीच्या पद्धतीने. मासळीबाजारात तर तिने आजीची मान एका टोपलीकडे वळवली आणि आई टाळ्याच वाजवायला लागली, "अरे, हा तर बांगडा! तू इथे काय करतोस रे?" विकणारी बाई हसून हसून बेजार झाली.

परत आल्यावर एका शुक्रवारी आम्ही दोह्याजवळच्या समैस्माच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे दादाचा फोन आला. "मग? दिसलं का काही?" आवाजात तोच खवचटपणा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला आणि सुरू झाली. काळा दगड, त्यावर फुटणारं पाणी, लाल खांब, छपराखालची नक्षी, हसणारा बुद्ध, टोपलीतला बांगडा. शेवटी दादा म्हणाला, "बरं, आता तरी काशीला येशील ना?"

"येते की. पण तिथं काय काय दिसतंय ते मला सांगशील ना? नुसतं दंडाला धरून पुढे ढकलायचं नाही."

"सांगेन गं."

"मग आत्ता सांग. तुझ्यासमोर काय आहे?"

"काही नाही गं, गॅलरीत उभा आहे."

"काही नाही कसं?" आई कडाडली. "डोळे आहेत ना तुला? नीट बघ आणि सांग मला."