आईचं अर्धं दुखणं

मंडळी, आज तांबरमच्या एका कॉलेजात पब्लिक हेल्थच्या मास्टर्ससाठी माझी मुलाखत होती. "हाच विषय का?" असं विचारल्यावर मी छातीठोकपणे सांगितलं, "आम्ही चेन्नईत आलो तेव्हा आईला तमिळ येत नव्हतं. मी दुसरीत होते, शाळेत तमिळ पटकन शिकले. दवाखान्यात तिचं दुखणं डॉक्टरांना मीच सांगायचे."

बाहेर बाकावर बसलेल्या आईला हे सांगितलं, तर ती हसली. "अगं, तुला मी अर्धंच सांगायचे. लहान होतीस, घाबरली असतीस."

म्हणजे डॉक्टरांपर्यंतही अर्धंच पोचत होतं!

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "राहिलेलं आता सांग. आता नाही घाबरत."

घर येईपर्यंत आई बोलत होती.

तुमच्या आईने तुम्हाला सगळं सांगितलंय?