काठवाल्या डब्यांचा कॅटलॉग

बाळांनो, तुम्हा दोघांना आता देवनागरी अडखळत का होईना वाचता येते, असे तुमच्या आईने कळवले. म्हणून हे आता लिहिते आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेले ते लहानसे पुस्तक दिसले. थोरल्याने विचारले, "आजी, हे कुठल्या कंपनीने केलं?" तुमची आई म्हणाली, "आजीने." आणि तुम्ही दोघेही हसलात.

हसण्यासारखे त्यात काही नाही. पण ते मी एकटीने केलेले नाही, आणि पहिल्या झटक्यात तर मुळीच जमले नाही. काय झाले ते क्रमाने सांगते.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची चुलत आजी, कंधार तालुक्यातल्या आपल्या गावी राहते. ती आणि गावातल्या दहा बायका मिळून एक गट चालवतात. येसर, काळा मसाला, कारळाची आणि जवसाची चटणी, शेवया, कुरडया, असे त्या करतात. येसर तुम्ही खाल्लेली आहे. धान्य आणि मसाले भाजून दळलेले ते पीठ, ज्याची आमटी धाकटीने तीनदा मागून घेतली होती. गटाचे नाव इथे लिहीत नाही. तुमच्या घरच्या पाकिटावर ते आहे, आणि ते तिथे आहे हीच तर सगळी गोष्ट आहे.

लातूरच्या एका प्रदर्शनात पुण्याच्या दुकानदार बाईंनी ही येसर चाखली. त्यांची तीन-चार मोठी दुकाने आहेत. बाई बोलायला नम्र, पण स्पष्ट. म्हणाल्या, "माल उत्तम आहे. दोन वाटा आहेत. तुम्ही पोत्यात भरून पाठवा, आम्ही आमच्या पाकिटात घालून विकू. किंवा मला एक कॅटलॉग दाखवा, ज्यात सगळा माल एका घरचा वाटेल. तो पटला तर तुमच्या नावाने विकू. दिवाळीचा माल ठरायला तीन आठवडे आहेत."

जाऊबाई प्रदर्शनातून थेट माझ्याकडे आली. चपला काढता काढताच सुरू झाली.

"आक्का, बाळंतपण आमचं आन नाव त्यांचं? हे कोणत्या गावचं?"

"अगं, विकलं जातंय ना?"

"विकलं जायला बाजार हाय की. नाव पायजे आम्हाला. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता ह्या कॅटलॉगाचं बघा."

मी बघितले. मला वही आखून काम करायची सवय आहे. मालाची यादी केली, क्रम लावला, प्रत्येक वस्तूचे मराठी नाव आणि त्याखाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि बायकांना आपापल्या वस्तूचे फोटो पाठवायला सांगितले. नांदेडला जाऊबाईच्या ओळखीचा एक छापखानेवाला होता. त्याचे मुख्य काम लग्नपत्रिका आणि चौकातले वाढदिवसाचे बॅनर. त्याच्याकडे सगळे सोपवून मी लातूरला निवांत बसले.

आठ दिवसांनी त्याने छापायच्या आधीचा नमुना पाठवला. मी शुद्धलेखन तपासले, दोन वेलांट्या सुधारल्या आणि समाधानाने तो पुण्याला पाठवून दिला. बायकांनीही पाहिला होता. सगळ्या खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "मॅडम, निमंत्रण मिळालं, आभारी आहे. कार्यक्रम कधी आहे?"

मी गोंधळले. मग तो नमुना पहिल्यांदा नीट पाहिला. म्हणजे अक्षरे सोडून पाहिला. मुखपृष्ठावर वरती गणपती. खाली गोलात सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि जाऊबाईचे भाऊ, सगळे हात जोडलेले. त्याखाली अकरा जणींचे पासपोर्ट फोटो. मागच्या पानावर "आपले स्नेहांकित" म्हणून बावीस नावे. येसर कुठे होती? उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. आतली पाने तर आणखी बहारदार. एकीने चटणी चांदीच्या ताटात मांडलेली, दुसरीने शेवया सोफ्याच्या मखमली कव्हरवर, तिसरीने कुरडयांभोवती झेंडूचा हार, चौथीच्या पापडाशेजारी तिचा नातू. प्रत्येक पानाचा रंग वेगळा आणि प्रत्येक पानावर एक मोर.

बाई पुढे म्हणाल्या, "फार घाई होतेय का तुमची? आपण या वर्षी आमच्या पाकिटातच करू या. पुढच्या वर्षी बघू."

मी दहा दिवस मागून घेतले. त्या म्हणाल्या, "दहा. त्यानंतर मला जमणार नाही."

सकाळच्या गाडीने मी गावी गेले. गटाची पत्र्याची शेड आहे, तिथे सगळ्या येसरचे धान्य भाजत होत्या. मी फोटोंचा विषय काढला आणि भडकाच उडाला.

"फोटो काढून टाकायचे? मग मानपान कसा राहायचा?"

"माझ्या भायाचा फोटो गेला तर ते सहा महिने आमच्या दारात यायचे न्हाईत," एक म्हणाली. तिचे भाया, म्हणजे थोरले दीर, हेच ते उपसरपंच.

"मग तर काढाच," दुसरी म्हणाली. हसू फुटले, पण कुणी मागे हटेना.

जाऊबाई कढईतले उलथने न थांबवता म्हणाली, "हे बघा, एकाचा घातला की समद्यांचा घालावा लागतो. मनून कुणाचाच न्हाई. कुणी विचारलं तर सांगा, आक्कानं काढले. त्या लातुरात राहतात, त्यांचं कोण काय वाकडं करून राहिलंय?"

ठराव मंजूर झाला. मग तिने मला माझे इंग्रजी मराठीत सांगायला लावले. मी सांगितले, "हातांच्या मायेने आणि परंपरेच्या ओढीने घडवलेली अस्सल चव."

जाऊबाई म्हणाली, "आक्का, हे कुणाच्या घरचं हाय? आमच्याकडं असं कुणी बोलत न्हाई."

मी ती पाने फाडली. पस्तीस वर्षे मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणून सांगत आले होते. आता वही घेऊन प्रत्येकीला विचारले, हे खायचे कसे, एका वाक्यात सांग. येसर करणारी म्हणाली, "उकळत्या पाण्यात कालवून सोडा आन वरून फोडणी द्या, पाव्हणा पाय धुवून येस्तोवर आमटी तयार." ते वाक्य तसेच ठेवले. इंग्रजीतही साधे, तेवढेच.

पण एका घरचे दिसायचे कसे, हा प्रश्न उरलाच. रंग कोणता, खूण कोणती? मी वहीत सूर्य, ज्वारीचे कणीस, जाते असे काय काय काढून पाहिले. कुणालाच आपले वाटेना. दुपारी भाजलेले धान्य दळायला निघाले, म्हणून मीही बायकांबरोबर गिरणीवर गेले. बाजाराचा दिवस होता. स्टीलचे तीस-चाळीस डबे रांगेत, सगळे एकसारखे. गिरणीवाल्याने आमचे डबे न विचारता उचलून बाजूला ठेवले आणि गिरणी थांबवून आतला दगड पुसायला घेतला.

मी विचारले, "हे डबे आमचे, हे कसं ओळखलंत?"

"काठवाले डबे हायत न बाई. काठवाला डबा दिसला की आधी दगड साफ करायचा, मग दळायचं. न्हाई तर ह्या बाया मला जगू देत न्हाईत."

प्रत्येक डब्याच्या कडीला कापडाची एक चिंधी बांधलेली होती. काळ्या पोताला लागून तांबडा काठ, त्यात बारीक पिवळी नक्षी. माझ्या सासूबाईंचे इरकली लुगडे विरले, तेव्हा जाऊबाईने त्याचा काठ फाडून डब्यांना बांधला होता. कुणाच्या मिरचीवर आपली येसर दळली जाऊ नये, एवढ्यासाठी. मी दाराशी उभी राहून ती चिंधी पाहत होते. गावाला ठाऊक असलेली खूण या बायकांकडे कधीचीच होती. मी मात्र ती वहीत शोधत बसले होते.

तिथून सगळे भराभर झाले. एक चिंधी सोडवून घेऊन आम्ही दोघी नांदेडला गेलो. छापखानेवाल्याने ती यंत्राखाली ठेवून तिचे चित्र घेतले. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला तोच काठ, तेवढाच रुंद. अक्षरे काळी, नावे तांबडी, बाकी पान कोरे. फोटो सगळे शेडच्या दारात, सकाळी दहाच्या उजेडात, एकाच लाकडी काटवटीत माल ठेवून काढले. एकीला तिने विणलेला रुमाल काटवटीखाली हवा होता. मी नाही म्हटले. ती अजूनही माझ्याशी जरा तुटकच बोलते.

छापखानेवाला कळवळला. "मॅडम, एवढी जागा मोकळी? कागद वाया चाललाय. इथं एक मोर बसतो बघा."

"मोर नको."

"मग कमळ?"

"आवं दादा," जाऊबाई म्हणाली, "तुमच्या लग्नात बसवा."

"माझं झालंय की वहिनी."

"मग सुटलात."

नवव्या दिवशी कॅटलॉग पुण्याला गेला. मी गावीच थांबले होते. तिसऱ्या दिवशी जाऊबाईच्या मोबाइलवर फोन आला, तिने स्पीकर लावला आणि शेडमधल्या साऱ्याजणी हातातले काम टाकून भोवती जमल्या. बाई म्हणाल्या, "तुमच्या नावाने घेतोय. सगळ्या वस्तू, सगळ्या दुकानांत. आणि एक विचारायचं होतं, तो काठ कोणत्या डिझायनरने केला?"

"आमच्या सासूबाईच्या लुगड्याचा हाय," जाऊबाई म्हणाली.

बाई म्हणाल्या, "तो बदलू नका."

फोन बंद झाल्यावर जो गलका झाला तो मी कागदावर उतरवू शकत नाही. गरम कढईशेजारी दोघींनी फुगडी घातली. माझ्या साडीवर येसर सांडली. पोक्त बायका, पण परीक्षेचा निकाल लागल्यावर वर्गात व्हायचा तसा आरडाओरडा. माझाही आवाज त्यात होता.

दिवाळीआधी मी जाऊबाईला घेऊन पुण्याला गेले. दुकानातल्या फळीवर आमची पाकिटे ओळीने उभी होती. तिने हात लावला नाही. एका अनोळखी बाईंनी येसरचे पाकीट उचलून टोपलीत टाकले, तेव्हा जाऊबाई त्यांना म्हणाली, "चांगली हाय, न्या. आमचीच हाय." मला जन्मात कुठल्या बक्षिसाचा असा आनंद झाला नाही.

उदगीरचा एक डाळवाला आता तसाच कॅटलॉग करून द्या म्हणून मागे लागला आहे. आमच्या छापखानेवाल्याने आमची प्रत लग्नपत्रिकांच्या काचेच्या कपाटात मधोमध लावली आहे. कॅटलॉगाची तिसरी आवृत्ती बायकांनी माझ्याशिवाय केली. मी फोनवर सुचवले, मुखपृष्ठावर यंदा एखादी पणती घालू या का? उत्तर आले, "न्हाई आक्का. काठ सोडून काही चढवायचं न्हाई. तुम्हीच सांगितलंय."

सासूबाई आता नाहीत, आणि त्यांचे ते लुगडेही उरलेले नाही. गट आहे. अकराच्या अकरा जणी आहेत. दर आठवड्याला येसर भाजली जाते आणि पाकिटावर नाव त्यांचेच असते.